आमटीतलं मीठ विचारणाऱ्या डॉक्टरबाई

नसीमबाई, तुमच्या निधनाची बातमी मी लिहिली नाही. संपादकांनी मलाच सांगितले होते, पण मी ती शेजारच्या टेबलाकडे सरकवली. तुमचे शिक्षण, मिरजेतले सतारी बनवणाऱ्यांचे घर, सांगलीतला दवाखाना, दफनाला कोण कोण आले होते, हे सारे त्यात बरोबर आले आहे. एक चूक मात्र राहिली. बातमीत तुम्हाला 'मनोरुग्णांची माउली' म्हटले आहे. तुम्ही असता तर दुसऱ्या दिवशी कचेरीत फोन आला असता, 'माउली कोण? डॉक्टर लिहा.'

माझ्याकडे एक काम उरले होते. आष्ट्याजवळच्या आमच्या गावी जाऊन दादाला सांगायचे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तुम्ही त्याला पहिल्या दिवसापासून 'हवालदार' म्हणालात. बाजाराहून परतलेल्या कुणीतरी आईला बातमी दिली होती. दादा मळ्यात होता, म्हणून त्याच्या कानावर गेली नव्हती. आईने त्याच माणसाच्या हाती मला निरोप पाठवला: त्याला सांगू नको. बाई पुण्याला गेल्या म्हण. पुढचं पुढं बघू.

आईची भीती खोटी नव्हती. दादाचा आजार झोपेतून शिरतो. झोप मोडली की तो वर वर चढत जातो, हे तुम्हीच आम्हाला शिकवले होते. आणि तुमच्या जाण्याने त्याची झोप मोडणार, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. सांगलीच्या स्टँडवर बस लागेपर्यंत मी हाच विचार करत होतो. समोर तुम्ही नव्हता, तरी बोलणे तुमच्याशीच चालले होते.

आपली पहिली भेट साताऱ्यातली. मी तेव्हा तिथे वार्ताहर होतो. तुम्ही दर बुधवारी सांगलीहून एसटीने यायचात आणि एका दंतवैद्यांच्या खोलीत रोगी तपासायचात. तुमच्या खोलीबाहेर बसलेले बहुतेक लोक सांगली, तासगाव, वाळवा भागातले असत. साताऱ्याचे लोक तुम्हाला दाखवायला सांगलीला जात. आपल्या गावात कुणी पाहू नये म्हणून दोन्हीकडची माणसे एवढा प्रवास करत होती. 'माझ्यामुळं एसटीचं बरं चाललंय,' असे तुम्ही म्हणायचात. परतीच्या गाडीत सकाळचे रोगी तुमच्या शेजारी बसत आणि ओळख दाखवत नसत. तुम्हीही दाखवत नसायचात. एकदा एका बाईने तुम्हालाच विचारले होते, 'कुठल्या गावच्या वो तुमी?' त्याच सकाळी तिने तुमच्यापुढे सगळा जन्म ओतला होता. तुम्ही शांतपणे 'मिरजेची' म्हणालात आणि तिला खिडकी दिलीत.

आईने दादाला याच कारणासाठी साताऱ्याला आणले होते. सैन्यातून परत येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. भल्या पहाटे तो गावातल्या पोरांना उठवून परेड घ्यायचा. मग दिल्लीला तारा पाठवू लागला. शेवटी त्याने कृष्णेचे पाणी माण तालुक्यात नेण्याची योजना जाहीर केली. दुष्काळाचे दिवस होते. माणची माणसे मेंढरे घेऊन आमच्या भागात उतरली होती. दादा रोज त्यांच्यात जाऊन बसे आणि कालवा कुठून जाणार ते काठीने मातीत काढून दाखवी.

दंतवैद्यांच्या खोलीत बसायला एकच बरी जागा होती, ती दातांची खुर्ची. दादा तिच्यात जाऊन बसला. खुर्ची साहेबाची आहे असे त्याला वाटले असावे.

'बगा बाई, पानी वर चढवायचं. टप्प्याटप्प्यानं. नकाशा तयार हाय माझ्याकडं.'

'कुठून उचलणार?' तुम्ही विचारलेत.

त्याने जागा सांगितली.

'वीज कुठली?'

'कोयनेची. दुसरी कुठली?'

तुम्ही मान हलवलीत. थट्टेचा लवलेश नव्हता. 'हवालदार, शेवटचं कधी झोपलात?'

'झोप? माणची जनावरं तडफडत्यात आन् मी झोपू? येळ कुठाय!'

मग तुम्ही माझ्याकडे वळून जे बोललात, ते ऐकून मी तुमच्या बाजूचा झालो. 'योजना वेडी नाही. झोप नाही, ही अडचण आहे.' मी तोवर पुष्कळ डॉक्टरांना, पुढाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले होते. माणसाचे म्हणणे आणि माणसाचा आजार इतक्या स्वच्छ रीतीने वेगळे काढणारे कुणी मला भेटले नव्हते.

आई बाहेरच्या बाकावर बसून होती. पुरुषमाणसे बोलत असताना आत यायचे नाही, ही आमच्याकडची रीत. तिला आम्ही बोलावले नाही. तुम्हीही बोलावले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला सांगलीला तुमच्या दवाखान्यात आणले. तिथे दोनच खाटा होत्या. दादाने पहिली गोळी तोंडात धरली आणि भिंतीवर थुंकली. 'मला काय झालंय? तुमीच घ्या.' मी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितले की गोळी कुटून चहात घालू, आई रोज देईल, त्याला कळणारही नाही. तुमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या घराने हेच सुचवले असेल, कारण तुमचे उत्तर तयार होते.

'चहा अर्धा टाकून दिला तर पोटात किती गेलं, ते तुम्ही सांगाल मला? मग मी डोस कशावर ठरवू? आणि कधीतरी त्याला कळेलच. त्या दिवसापासून तो आईच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही.'

'पण तो बरा तर होईल.'

'बरा होऊन जेवायचं कुणाच्या हातचं?'

त्यानंतर तुम्ही दादासमोर उभ्या राहिलात. 'हवालदार, मी आता तुम्हाला इंजेक्शन देणार आहे. तुमची इच्छा नाही, हे मला दिसतंय. तरी देणार आहे, कारण चार दिवस असेच गेले तर तुमचं शरीर टिकणार नाही. उद्या माझ्याशी भांडा.' दवाखान्यातल्या दोघांनी त्याला धरले. तो तुम्हाला पलटणीतल्या अस्सल शिव्या देत होता. तुम्ही इंजेक्शन दिलेत, सुई काढलीत आणि 'झालं' म्हणालात.

मी तेव्हाच वाद घातला. हात धरून टोचण्यापेक्षा चहात घातलेली गोळी कमी दुखली असती, असे म्हणालो. तुम्ही म्हणालात, 'इंजेक्शन त्याला दिसलं.' मी विचारले, 'दिसलं म्हणजे चांगलं झालं?' 'चांगलं नाही झालं. दिसलं.' हा वाद आपण पुढे अनेकदा केला, कधी दवाखान्याच्या पायरीवर, कधी एसटीत. एकदा तुम्ही कबूल केलेत की अशी घरे आहेत जिथे दुसरा इलाज उरत नाही, आणि तिथे काय करावे याचे पक्के उत्तर तुमच्याकडे नाही. वाद तिथेच थांबला आहे. आता तो एकट्याने पुढे नेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दादा खरोखर भांडला. मात्र तोवर तो झोपून उठला होता. संध्याकाळी त्याची मान एका बाजूला वळून ताठ झाली. एरवी आईने दृष्ट काढायला घेतली असती. पण हे होऊ शकते, हे तुम्ही आदल्याच दिवशी सांगून ठेवले होते आणि त्यावरचे औषधही खाटेशेजारी ठेवले होते.

'बाई, मान आपोआप डावीकडं बगतीया!'

'म्हणाले होते ना, बाएं देख होईल म्हणून? ही गोळी घ्या. थोड्या वेळात सावधान.'

दादा हसला. बऱ्याच दिवसांनी तो दुसऱ्याच्या विनोदाला हसला. ती गोळी त्याने तुमच्या हातून घेतली आणि स्वतः गिळली.

औषध देण्याची तुमची पद्धत मी तेव्हापासून पाहत आलो. बातमीदाराच्या सवयीने मी ती तपासत असे आणि मला तिच्यात भोक सापडत नसे. नवा रोगी आला की तुम्ही म्हणायचात, 'पिशवी उलटी करा.' मग टेबलावर इतर डॉक्टरांच्या गोळ्या, वैद्याच्या पुड्या, शेजारणीने दिलेले काहीबाही, सारे पडायचे. दोन औषधे एकमेकांशी भांडतील का, हे पाहिल्याशिवाय तिसरे लिहायचे नाही. सुरुवात थोड्याने करायची. घरच्यांना घाई असली तरी वाढवायचे सावकाश. उदासीने खचलेल्या माणसाला एका आठवड्याच्याच गोळ्या द्यायच्या आणि त्याही घरच्यांच्या ताब्यात. मी कारण विचारले तेव्हा तुम्ही सांगितलेत, 'मन वर यायला दोन-तीन आठवडे लागतात, पण हातापायांत जोर कधीकधी आधी येतो. ते मधले दिवस धोक्याचे. त्या दिवसांत घरात बाटलीभर गोळ्या नकोत.' तुमच्या दारावरची गर्दी पाहून एका औषध-दुकानदाराने तुम्हाला महिन्याचे औषध एकदम लिहायला सुचवले होते. तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलेत.

या औषधांवर मी लेख लिहिला, तेव्हा तुम्ही कच्चा मजकूर वाचलात. 'नावं छापा. काय होतं, काय त्रास होतो, सगळं छापा. किती गोळ्या, ते छापू नका. तो आकडा ज्याचा त्याचा असतो.' या लेखातही तो आकडा नाही. औषध मेंदूत नेमके काय करते, असे मी विचारले तर म्हणालात, 'पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. काही गोळ्या ते निरोप अडवतात, काही ते जास्त वेळ टिकवतात. इतपत कळलंय. त्यानं माणूस शांत का होतो, याचे अंदाज आहेत.' मी म्हणालो, अंदाज छापता येत नाही. 'मग अंदाज आहे असं छापा,' तुम्ही म्हणालात. मी तसे छापले.

दादाला पुढे तुम्ही लिथियम सुरू केलेत. वर चढणे आणि खाली कोसळणे, दोन्ही पुन्हा येऊ नये म्हणून. ते देण्याआधी मूत्रपिंड तपासले. मग दादाला आणि मला समोर बसवून समजावलेत. हे मिठाच्या गोतातले आहे. अंगात मीठ कमी पडले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर हेही धरून ठेवते. मग ते रक्तात साठते. थोडे कमी पडले तर उपयोग नाही आणि थोडे जास्त झाले तर विष, एवढी अरुंद वाट आहे. म्हणून मीठ नेहमीसारखे खायचे, पाणी भरपूर प्यायचे, जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी थांबवून यायचे. आणि ठरल्या वेळी, सकाळची गोळी घेण्याआधी, रक्त द्यायचे. ते रक्त मिरजेच्या प्रयोगशाळेत ज्योतीत जाळून, ज्योतीच्या रंगावरून त्यातले लिथियम मोजत. दादाला ही कल्पना फार आवडली. 'म्हंजी माझं रगात पेटवून बगनार?' पुढे तो गावात सांगत असे की त्याची तपासणी आगीत होते.

आई त्या वेळी बाहेर होती.

दादा बरा झाला. तो उसाला पाणी देऊ लागला, वेळेवर झोपू लागला आणि कालव्याचे नाव काढीनासा झाला. उन्हाळा तापला, तसे मला गावाकडून कळले की त्याचे हात कापतात. मग कळले की जुलाब होतात. मग एकाने सांगितले की हवालदार प्यायला लागलाय, भर दुपारी झोकांड्या खात चाललेला पाहिला. दादाने सैन्यातसुद्धा कधी थेंब घेतला नव्हता. मी गावी गेलो तेव्हा त्याची जीभ जड झाली होती आणि तो भिंतीला धरून चालत होता. साखर कारखान्याच्या जीपमधून आम्ही त्याला तुमच्याकडे आणले. या वेळी आई हट्टाने आत आली.

तुम्ही त्याचे पसरलेले हात पाहिलेत, चार पावले चालवलेत आणि लगेच सलाईन लावायला सांगितलेत. गोळी बंद. मग तुमचे प्रश्न सुरू झाले. दुसरे औषध? नाही. पाणी कमी? नाही. गोळ्या जास्त घेतल्या? नाही. मोजून पाहिल्या, बरोबर होत्या. उपवास? नाही, दोन्ही वेळ भाकरी. तुम्ही हरवल्यासारख्या थांबलात. नंतर कळले की ती भीती होती. सलाईनची तयारी होईस्तोवर त्याच्या पोटात काही जावे म्हणून तुम्ही मीठ घातलेले ताक मागवलेत. दादाने पेल्यावर तळहात ठेवला.

'मीट... न्हाई चालत.'

तुम्ही आईकडे पाहिलेत. तिने पदर तोंडाला लावला.

'काल आमटी केली होती?' तुम्ही विचारलेत.

'व्हय.'

'मीठ होतं तिच्यात?'

आईने तोंडावरचा पदर काढला. शेवटी म्हणाली, 'बोलून दावला की नवस फळत न्हाई बाई.'

तिने देवीला बोलले होते की लेकाचे डोके ठिकाणावर आले तर तो सव्वा महिना अळणी खाईल. नवस कुणाला सांगायचा नसतो, म्हणून तिने मला सांगितला नाही, तुम्हाला तर नाहीच. दादाला मिठाची सूचना ठाऊक होती, जुलाब झाले तर गोळी थांबवून यायचे हेही. बरा झाल्यावर मी त्याला विचारले, तर म्हणाला, 'बाईंचा हुकूम हुता, आन् आईचा शबुद हुता. आईचा शबुद मोडून बरं हून काय करू?' बाहेर ऊन, घामातून मीठ चाललेले, आणि ताटातही मीठ नाही. गोळ्या मात्र वेळेवर. आपण सारे जेवणात काय घालायचे नाही यावर भांडत होतो. जेवणातून काय काढले, हे कुणी विचारले नव्हते.

त्या दिवशी रक्ताची नळी घेऊन तुम्ही स्वतः मिरजेला गेलात. दुसऱ्या कुणाला पाठवले तर तपासणी उद्यावर जाईल, म्हणालात. परत आलात तेव्हा चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हते. एवढेच म्हणालात, 'जास्त आहे. पण आपण आहोत.' वाटेत तुम्हाला काय वाटले, हे मी कधी विचारले नाही. विचारायला हवे होते, कारण दुसऱ्या कुणाला ते कधीच कळणार नाही. काही दिवसांनी दादाची जीभ सुटली. मग पाय स्थिर झाले.

खरी परीक्षा त्यानंतर होती. गावाने निकाल दिला होता की औषध विषारी. आईने गोळ्यांची बाटली उकिरड्यावर टाकली. आणि औषधाशिवाय दादा पुन्हा चढणार, हे तुम्हाला ठाऊक होते. तुम्ही आईला बोलावणे धाडले नाही. एके दिवशी तुम्हीच आष्ट्याच्या बसने आमच्या दारात उतरलात.

डॉक्टरबाई आल्या म्हटल्यावर अंगण भरले. एका म्हातारीने सुनेला पुढे ढकलले. 'बाई, हिला कितवा म्हैना बगा जरा.'

'मी डोक्याची डॉक्टर आहे, आजी.'

'मंग डोस्कं बगा. लय तिरकं हाय.'

सून हसली, तुम्हीही हसलात. मग तुम्ही चुलीपाशी आईच्या शेजारी जाऊन बसलात. मी दारात होतो, म्हणून मला ऐकू आले.

'आई, चूक माझी झाली. मिठाचं मी तुमच्या लेकांना सांगितलं. स्वयंपाक तुम्ही करता. तुम्हाला बाहेर बसवून मी कुणाला सांगत होते?'

एवढी शिकलेली बाई चुलीपुढे बसून चूक कबूल करते आहे, याची आईला सवय नव्हती. ती म्हणाली, 'आवं, तुमची कशाची चूक. म्या देवाला बोललेली.'

'किती दिवस राहिलेत नवसाचे?'

'ऱ्हायल्यात थोडं. पर आता कसं फेडायचं? अर्ध्यात मोडला तर देवी कोपंल. त्येच्यावरच कोपंल.'

मला वाटले, आता तुम्ही तिला देवाधर्माबद्दल काही सांगणार. तुम्ही विचारलेत, 'आमच्याकडं दर्ग्याला मन्नत मागतात, ती मागणाऱ्यानं फेडली तरी चालते. तुमच्यात कसं?'

आईने बराच वेळ निखारे सारखे केले. 'आईनं फेडला तर चालतंय,' ती म्हणाली. 'लेकरू माजंच हाय की.'

'तुम्हाला रक्तदाबाचं, हृदयाचं काही औषध आहे? पिशवी उलटी करा बघू.'

पिशवीत तपकिरीची डबी निघाली. मग आईची नाडी पाहून, प्रकृती तपासून तुम्ही तिला परवानगी दिलीत. तिने उरलेले दिवस अळणी खाल्ले. दादाला मिठाची आमटी तिनेच वाढली. गोळी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा कमी. रक्ताची तपासणी लवकर लवकर होऊ लागली. त्यानंतर तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला पहिला प्रश्न तोच असे: 'स्वयंपाक कोण करतं? त्यांना आत बोलवा.' साताऱ्यातल्या बाहेरच्या बाकावर पुढे फक्त पुरुष दिसू लागले. स्वतःच्या चुकीची अशी रीत बनवणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत. माझ्या धंद्यात आम्ही चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर, बारीक टाइपात छापतो.

हे सारे मनात घेऊन मी गावात उतरलो. आई ओट्यावर वाट पाहत होती.

'सांगनार न्हाईस न्हवं?'

'सांगणार आहे.'

'आरं, त्याची झोप मोडंल. परत ते समदं... बाई असत्या तर गोष्ट येगळी.'

ती चुकत होती, असे मला म्हणता येत नव्हते. मी मळ्यात गेलो. दादा पाटाचे पाणी वळवत, दारे धरून उभा होता. मी त्याला सरळ सांगितले, 'दादा, नसीमबाई गेल्या.'

'कुटं?' म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याला कळले. त्याने खोरे खाली ठेवले. 'कवा?'

'परवा. हृदय बंद पडलं.'

त्याने वाफा पूर्ण भरू दिला. पाणी दुसऱ्या सरीला लावले. मग बांधावर येऊन बसला.

'आईनं सांगू नगं म्हनलं आसंल.'

'हो.'

'तिला बोलू नगंस.' पायाचा चिखल खरवडत त्याने विचारले, 'मला आज झोप येईल का रं?'

'नाही येणार बहुतेक.'

'मलाबी तसंच वाटतंय. आन् तितंच घोटाळा हाय बग. दुःखानं गेलेली झोप आन् रोगानं गेलेली झोप, मला वेगळी वळखू येत न्हाई. तुला येती?'

'नाही.'

'मंग उद्या मिरजेला जाऊ. दुसऱ्या डाक्टरला इचारू.'

रात्री त्याने गोळी घेतली. आई शेजारी बसून होती. झोप त्याला तुकड्यातुकड्याने लागली. सकाळची गोळी न घेता तो तयार झाला आणि आम्ही तिघेही पहिल्या बसने निघालो.

मिरजेचे डॉक्टर तरुण आहेत, शांत आहेत. त्यांनी रक्त घ्यायला सांगितले, तुम्ही लिहिलेले कागद वाचले, मग खुर्ची ओढून दादासमोर बसले. 'काय होतंय, हवालदार?'

दादा ताठ बसला होता. 'आमच्या डाक्टरबाई वारल्या, साब. झोप न्हाई, जेवन जात न्हाई, सारखं भरून येतंय. ह्ये आजारपन हाय का तेवढं सांगा. आसंल तर औशद वाढवा. नसंल तर रडतो.'

डॉक्टरांनी त्याचे हात पाहिले. किती झोपलात, विचार पळतात का, नव्या योजना सुचतात का, असे एकेक विचारले. दादाने एकेकाचे खरे उत्तर दिले. आईलाही त्यांनी दोन प्रश्न विचारले. मग ते म्हणाले, 'नाही. हे आजारपण नाही. गोळी आहे तेवढीच. आठवड्यानं परत या.'

'नक्की?'

'आज तरी नक्की.'

दादाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो रडू लागला.